सगुणाचा नोहा

ही गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. प्रार्थनेतसुद्धा मी ती नुसती ‘माझे अपराध’ म्हणून गुंडाळून टाकते – नाव घेत नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. मलाही नीट ठाऊक नाही.

मी पुण्याला इंग्रजी शाळेत शिकले, वसतिगृहात राहून. कोल्हापूरला परतले तेव्हा माझं मराठी पुस्तकातून उचललेलं, इस्त्री केल्यासारखं होतं. गल्लीतल्या बायका तोंडावर हसायच्या. “आली बघा मडम!” म्हणायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. कोण कसं बोलतं, कोण कुणाला हसतं, एवढंच गुपचूप बघत राहिले.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला रविवारच्या शाळेतला मुलांचा वर्ग दिला. शिकवायचे होते देवाचे करार – महापुरातून वाचलेल्या नोहाशी केलेला, अब्राहामाशी केलेला, सीनाय डोंगरावरचा, दाविदाशी केलेला, आणि शेवटी प्रभूच्या रक्तातला नवा. पण करार म्हणजे काय, हे मुलांना कसं सांगायचं? मी म्हटलं, करार म्हणजे दिलेला शब्द. आणि ते पटावं म्हणून मीही वर्गाला शब्द दिला: जो गोष्ट सगळ्यांत चांगली सांगेल, तोच ती हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक देवाला वाहायच्या दिवशी, साऱ्या मंडळीपुढे सांगेल. निवड मुलांनी हात वर करून करायची.

नोहासाठी सगळे हात सगुणाला मिळाले. सगुणा मुरगूडची, दहा-अकरा वर्षांची. मंगळवार पेठेत मामाकडे राहायची. गोष्ट सांगता सांगता ती हत्ती व्हायची, कबुतर व्हायची. मुलं पोट धरून हसायची आणि मग एकदम गप्प व्हायची. पण तिची भाषा! हाय, न्हाय, आन, तवा. सणाला बाहेरगावचे पाहुणे येणार होते, मिशनच्या मडमसाहेब येणार होत्या. ते म्हणतील – मुलांना हे असलं शिकवलं? पुन्हा हसतील. तिला नाही, मला.

म्हणून मी – थांबा, नीट सांगते. सणाच्या आधीच्या रविवारी मी सगुणाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “पाळकसाहेब तुला नको म्हणतात.” पाळकसाहेबांना यातलं काही माहीतच नव्हतं. नोहाची गोष्ट मी मिशनच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या मुलीला दिली. तिचं मराठी शुद्ध होतं, आणि मंडळीपुढे उभं राहायच्या नुसत्या विचारानं तिचे हात गार पडायचे.

सगुणा रडली नाही. “का वो, बाई?” एवढंच म्हणाली. मी गाण्यांची पुस्तकं गोळा करायला लागले.

एवढ्यावर संपलं असतं, तर मी हे केव्हाच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते.

सणाच्या सकाळी चर्चमध्ये दोन्ही बाजूंना ऊस बांधले होते. पुढं गुळाच्या ढेपा, भाताची पोती. टेबलाखाली लिलावासाठी आणलेला कोंबडा मधूनच आरवत होता. पाळकसाहेब दाराशी उभे होते. सगुणा सरळ त्यांच्यापुढे गेली.

“सायेब, मला न्हाय का म्हनलासा? मी नोहा चांगला सांगतो की!”

“मी? मी कधी गं नाही म्हटलं?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, “तिचा काहीतरी गैरसमज झालाय.”

“मग सांगू दे की तिला!” ते हसले. मुख्याध्यापकांची मुलगी तर सुटलीच. सगुणानं माझ्याकडे एकदा बघितलं. तिला सगळं कळलं होतं. मग ती पुढं जाऊन उभी राहिली.

आणि मग – काय सांगू तुम्हाला! “आपल्या पंचगंगंला येतोय तसला पूर न्हवं त्यो,” तिनं सुरुवात केली, “जोतिबाचा डोंगुर बुडंल तसला!” मागं बसलेली माणसं पुढं सरकली. तारवात चढताना गाढव अडून बसलं तेव्हा मडमसाहेब रुमाल तोंडाला लावून हसल्या. कोंबडा आरवला, तर ही वळून म्हणते, “थांब की बाबा, तुजी पाळी आली न्हाय अजून!” सगळं चर्च हसलं. मग तिनं आभाळातलं इंद्रधनुष्य दाखवायला हात वर केला, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही.

“तवा देव म्हनला, नोहा, भिऊ नगंस. पुन्यांदा असा पूर आननार न्हाय म्हंजे न्हाय. ह्ये धनुष्य बघ. ह्ये बघून मीच माजा शबूद याद ठेवीन. तू इसरलास तरी मी इसरनार न्हाय.”

पहिल्या बाकावरचे एक म्हातारे मोठ्यानं “आमेन!” म्हणाले, आणि तो आमेन पार दारापर्यंत गेला. इतकी वर्षं झाली, त्या चर्चमध्ये करार इतका खरा झालेला मी पुन्हा पाहिला नाही. मुलं बाकांवर चढली होती. तिचा मामा दोन्ही हातांनी डोळे पुसत होता. सगुणा जिंकली होती – भाषेसकट, हत्तीसकट, उभ्या मंडळीला जिंकली होती.

उपासना संपल्यावर मडमसाहेबांनी माझा हात हातात घेतला. त्या मला म्हणाल्या, तुम्ही किती सुंदर शिकवलंत. मी मान लववून आभार मानले. सगुणा चार पावलांवर उभी होती; तिला ऐकू आलं.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. “बाई, आता कंचा करार?” मी अब्राहामाची गोष्ट सुरू केली. तिनं त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही. पाळकसाहेबांना आजही वाटतं, की त्या पोरीनं काहीतरी भलतंच ऐकलं होतं.

तिनं बरोबर ऐकलं होतं. भलतं मी बोलले होते – एकदा तिच्याशी, आणि एकदा तिच्या देखत.