कांद्याची पांढरी मुळं

मॅडम दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींत अडकवून वर्गासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "आत्ताच न्हाई. सगळे रांगेत आल्यावरच सोडायचं."

वाचकहो, पेशी कशी विभागते हे शिकवायची ही त्यांची रीत. देवगाव फाट्याजवळच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी भूगोल. स्टाफरूमच्या खिडकीत त्यांनी पाण्याच्या ग्लासांवर कांदे बसवलेले. मुळं फुटली की सकाळीच टोकं कापून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायच्या. त्या कांद्यांच्या वासानं येलदरी धरणातले मासे शिंकायचे, मी स्वतः ऐकलंय.

"मॅडम, भजी कधी व्हायलेत?"

"तुमच्या थापांत तळते, सर. तेल लय हाय त्यांच्यात."

त्यांचं गाव ताडकळस, पण तिथं आता कुणी उरलं नव्हतं. इथं खोली करून एकट्याच राहायच्या. डबा एकटीचा, लोणचं मात्र अख्ख्या स्टाफरूमला पुरेल एवढं.

एकदा मी पुढच्या तासाला नकाशा घेऊन दारात उभा होतो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कॅन्सरच्या पेशीत काय बिघडतं?"

"दोन व्हायच्या आधी पेशी सगळ्या डीएनएची नक्कल उतरवते. कुठला भाग आधी, कुठला उशिरा, क्रम ठरलेला. मग मूळ अन् नकलेच्या जोड्या एकमेकींना कमरेशी धरून रांगेत उभ्या. कॅन्सरमध्ये हा क्रम चुकू लागतो, अन् हातबी भलत्याच वेळी सुटतात."

तास संपला, तरी त्यांची बोटं अडकलेलीच.

स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "सर, माझ्यातबी तेच चाललंय. उद्या संभाजीनगरला जायलेय, दवाखान्यात."

"सोबत कोण?"

"पर्स."

उधळलेला बैल एका हातानं थोपवल्याचं मी सगळ्या तालुक्याला सांगितलंय. त्या दिवशी मला एक वाक्य थोपवता येईना की बोलता येईना. शेवटी म्हणालो, "मी येतो."

"अन् भूगोल कोण शिकवणार? फाट्यापर्यंत या. कांदे राहू द्या, आल्यावर टोकं कापू."

सकाळी एसटी आली. पिशवी मी वर दिली. खिडकीतून त्यांनी दोन्ही तर्जन्या अडकवून दाखवल्या. गाडी वळेपर्यंत तशाच धरल्या होत्या.

मॅडम दवाखान्यातूनच गेल्या. त्यांच्या जागी नवे सर आले. कांद्यांचं पाणी तोवर मीच बदलत होतो. मुळं ग्लासाच्या तळाला टेकून वळायला लागली होती.

"लय वाढलेत, सर. कापू का?" नव्या सरांनी कात्री उचलली.

"आत्ताच न्हाई," मी म्हणालो.