तानबाच्या तारेवरच्या पाट्या

आंजी गावच्या शेतावर तानबा एकवीस वर्षं राखण करतो आहे. शेत एका कॉलेजने प्रयोगांसाठी घेतलंय. विद्यार्थी येतात, वाफे आखतात, फवारतात, अळ्या मोजतात, निघून जातात. वाफ्यात कसला प्रयोग ते लिहिलेल्या पत्र्याच्या पाट्या मागे उरतात; त्या तानबा शेताच्या कडेला धुऱ्यावरच्या बाभळीला तार बांधून तिच्यात ओवतो. बायको धुरपता भंगारात घाला म्हणते. "लेकरांची मेहनत हाय," एवढंच त्याचं उत्तर.

माझी मुलगी मोहिनी तिथे हरभऱ्यावर पीएचडीचं काम करत होती. टणटणीच्या पाल्याच्या अर्काने घाटेअळी मरते, असं एका मोठ्या नियतकालिकात छापून आलं होतं. त्यावरूनच तिने विषय घेतला. दोन हंगाम झाले, अळी मरेना. पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही, आणि अळी मेली नाही असा पेपर कोणी छापत नाही. तिचे सर म्हणाले, "दोन वाफ्यांचे आकडे गाळ, जमेल." तेव्हापासून ती धड जेवत नव्हती. म्हणून जानेवारीत मी तिच्यासोबत शेतावर गेले.

वारा अजिबात नव्हता. तरी बाभळीवरच्या पाट्या किणकिणत होत्या.

"तानबाभाऊ, हे कशानं वाजतंय?"

"तुमची पोरगी आली ना, बाई. वळखतेत तिले," तो हसला.

मोहिनी पाटी वाचायला गेली आणि एकेक उलटून पाहू लागली. टणटणी अर्क, पाच टक्के, २००६. मागची २०११. मग २०१४, २०१९. अक्षरं वेगळी, प्रयोग तिचाच.

"यांच्या अळ्या मेल्या?"

"कुठच्या मरतात! एक पोरगा तर याच दगडावर बसून रडला. तू रोज बसतं, थोच दगड."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी सांगणारा कोण? तुमच्या पुस्तकात तं मेल्या हायेत."

तारेच्या टोकाला एका पाटीपुरती जागा त्याने मोकळी ठेवली होती.

मोहिनीने एकही वाफा गाळला नाही. पाट्यांसकट सगळं खरं लिहून नियतकालिकाला पाठवलं. चौथ्या दिवशी परत आलं: यात नवीन काही नाही.

आज संध्याकाळी तानबाचा फोन आला. मोहिनीने तो स्पीकरवर टाकला. मागे किणकिण ऐकू येत होती.

"पोरी, एक नवी मॅडम आली. टणटणीच वाटून राह्यली. पाटीबी रंगवली. सांगू का तिले?"

"मीच येते. तिला थांबवून ठेवा. आणि पाट्या तारेवरून काढा, सगळ्या."

परत आलेले कागद तिने पिशवीत कोंबले.

"स्वेटर घेजो," मी म्हणाले.

ती गेली. घाईत विसरलेला फोन टेबलावर तसाच चालू होता. "थांबा, काढतो," तानबा पाट्यांना म्हणत होता. पण बाभळीकडे जाणारी त्याची पावलं अजून वाजत होती, तोच किणकिण थांबली.