बिंग फुटू नये म्हणून

माझ्या भावोजींनी आयुष्यात कधी माशी मारली नाही, पण कागदावर अर्ध्या जगाची सरकारं उलथवली. ते इंग्रजी हेरकथांची भाषांतरं करायचे आणि तिथली चोरटी भाषा त्यांना तोंडपाठ होती. शत्रूच्या गोटात वर्षानुवर्षं मुरलेला माणूस म्हणजे 'मोल'. प्रकाशकाने त्याला 'घूस' म्हणा असं सुचवलं, तर हे भडकले आणि 'घरभेदी' लिहून मोकळे झाले. 'कव्हर' म्हणजे सोंग, आणि ते उघडं पडलं की बिंग फुटलं. 'हँडलर'ला मात्र त्यांना मनासारखा शब्द मिळेना. हेराला पढवणारा, मागून दोऱ्या हलवणारा आणि अडकला की सोडवणारा, असा तो माणूस.

"एवढं काय त्यात? सरळ बायको लिहा," मी म्हटलं. मेहुणीचा मान असतो मला, मी सोडते की काय! भावोजी खो खो हसले आणि ताईने मला चिमटा काढला.

मग त्यांचे साधे शब्द हरवायला लागले. "अगं, ते दाराला लावतात ना, ते," असं म्हणून थांबायचे, आणि ताई "कुलूप" म्हणून पुढे जायची. एकदा त्यांनी एकच प्रकरण दोनदा भाषांतरित केलं. दोन्ही वेगळी, दोन्ही झकास, आणि पहिलं आपण केलंय याचा त्यांना पत्ताच नाही. त्या दिवशी ताई हादरली.

"प्रकाशकाला कळलं तर काम काढून घेतील," ती मला म्हणाली. "आणि कामाशिवाय हा माणूस जगायचा नाही."

ताईची नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. गावभरची लफडी कानावरून गेली, पण तिने घरीसुद्धा अवाक्षर काढलं नाही. असल्या बाईने मनावर घेतलं म्हटल्यावर काय! हेराला एक खोटं चरित्र देतात आणि घोटून घेतात, त्याला 'लेजंड' म्हणतात. ताईने भावोजींचं लेजंड रचलं. रोज सकाळी चहाबरोबर उजळणी व्हायची. आज कोण येणार, त्याला काय नावाने हाक मारायची, पुस्तक कुठवर आलंय. अडलंच तर फेकायला तयार वाक्यं. "त्यावर फोनवर सविस्तर बोलू." "तुम्हीच सांगा, मी ऐकतो." बशीवर चमचा वाजला की गप्प बसायचं. भाषांतरात भोकं पडली की ताई जुन्या पुस्तकांतले पाठलाग उचलून ठिगळं लावायची. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाठलाग सगळीकडे सारखेच असतात.

मला या सगळ्याची चीड यायची. "नाटकं पुरे झाली, डॉक्टरकडे ने त्यांना," मी म्हणायचे.

"तुला त्यांना वेडं ठरवायचंय," ती म्हणायची. दोन वर्षं आमचं हेच भांडण चाललं आणि तेवढ्या काळात भावोजी आणखी खचत गेले.

शेवटी एक दिवस न्हावीच त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. सकाळी दाढी करून गेले होते, दुपारी परत येऊन खुर्चीत बसले आणि घर कुठे विचारल्यावर रडायला लागले. त्यानंतर ताई माझ्याशी भांडली नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने वार विचारला.

"घरी बसलेल्या माणसाला सगळे रविवारच," भावोजी म्हणाले.

ती हसली. हा कितवा मजला?

"लिफ्टने आणलंत, मोजू कुठे दिलंत?"

सकाळी काय खाल्लं?

"हिला विचारा. मला बोलायची परवानगी नाही."

डॉक्टरने पेनचं टोपण लावलं. "वयाने थोडं होतंच. काका तर एकदम हुशार आहेत."

ताईने पदराचा बोळा केला होता. एकदम तिचा बांध फुटला. "डॉक्टर, हे सगळं पाठ आहे हो! मी शिकवलंय, एकेक वाक्य. त्यांना काही आठवत नाही. काही म्हणजे काही नाही."

भावोजींनी मान वळवली. डॉक्टरने टोपण काढलं आणि हळूच विचारलं, "काका, या कोण?"

त्यांनी ताईकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "ह्या बाईंना मी ओळखत नाही."

मग चिठ्ठीवर तपासण्या लिहून मिळाल्या, औषधंही मिळाली. जे मिळावं म्हणून मी दोन वर्षं भांडत होते, ते हातात आलं, आणि मला ते फाडून टाकावंसं वाटलं.

बाहेर ताईने माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, पकडला गेलेला हेर आपल्या माणसाला ओळख दाखवत नाही. सगळ्या पुस्तकांत तसंच असतं. मला वाचवायला म्हणाले ते. सोंगच होतं ना?"

"हो गं," मी म्हटलं. "सोंगच होतं."

भावोजी समोरच्या बाकावर बसले होते. शेजारच्या माणसाला सांगत होते, "बायको येईल इतक्यात. ती आल्याशिवाय मी इथून हलायचा नाही."