शिंकणाऱ्या मास्तराची अळंबी

"तुझ्या जिभेला हाड न्हाई, विजे!"

"कुनाच्याच नसतं, आत्याबाई. तुमच्या तरी हाय का?"

"उलट बोलू नगं! जांभळीखालच्या वारुळाला आळंबी आली, हे पुष्पावतीला कुनी सांगितलं?"

"तिनं इचारलं, मी सांगितलं. खोटं बोलाया पायजे हुतं?"

"गप बसाया पायजे हुतं!"

राजूरच्या वरच्या रानात भांडण चाललं होतं, आणि भांडता भांडताच दोघी चढण चढत होत्या. पुढे सासू छबूबाई, मागे सून विजयमाला. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली, भादव्यात. विजयमाला पाथर्डीकडची. तिकडच्या कोरड्या मुलखात एकाला काही गवसलं की त्यानं अख्ख्या वस्तीला हाक मारायची. तेच तिनं इथं केलं. शेजारच्या पुष्पावतीनं कुदळ आणून वारूळच उकरलं; आता तिथं पुन्हा अळंबी उगवायची नाही.

छबूबाई अळंबी कधी उकरत नसे. बुडाशी अलगद पिरगळून काढायची, चार-दोन वारुळाला ठेवायची. ओळखीची नसेल तिला हात लावायचा नाही. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. आता गुडघे बोलू लागले होते, आणि लेक तर देवानं दिलीच नव्हती. जागा सांगायच्या त्या सुनेलाच.

"आज समद्या दावते," ती थांबून म्हणाली. "पर एक जरी जागा गावात फुटली, तर पुन्हा माझ्यासंगं यायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

"मग ह्यो बघ, पाटील."

ऐनाच्या खोडाला मोठी गाठ होती. छबूबाईनं एक गाल फुगवला, डोळे अर्धे मिटले, आणि झाडातला पाटील तिच्याच तोंडावर आला. "गालात पान हाय. बोलत न्हाई, निस्ता हुंकारतो. ह्याच्या उजव्या हाताला वीस पावलं." पुढे खालचा ओठ लोंबलेला बेहडा. "ही रुसल्याली नणंद. हिच्या पाठीमागं."

छबूबाईचा सगळा नकाशा असा तोंडांचा होता. विजयमालेचा राग कुठल्या कुठे गेला. हिरड्यापाशी ती एकदम थबकली.

"आत्याबाई, ह्यो मास्तर न्हाई का? नाक वर, तोंड उघडं... शिंक आल्याली, पर सुटत न्हाई!"

छबूबाईनं मान इकडं केली, तिकडं केली. "आत्ता गं बया! चाळीस वरसं मी ह्याच्या म्होरून जाते." मग ती इतकी हसली की खोडाला धरून खाली बसली. "आन् सुटली तर कुनीकडं उडंल गं?"

"तिकडं, घानेरीच्या जाळीत."

गंमत म्हणूनच दोघींनी जाळी बाजूला सारली. आत वारूळ, आणि वारुळाभोवती अळंबीच अळंबी. पांढरी, मिटलेली, ओल्या मातीतून नुकती डोकी काढलेली. विजयमालेनं ओरडायला तोंड उघडलं, अन् झटकन पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"आता काढ," छबूबाई हळूच म्हणाली. "ही तुझी जागा. मी बघाया बसते."

पाटी भरली. वर सागाची पानं झाकली, तरी एका बाजूनं अळंबी डोकावत होतीच. गावाच्या तोंडाशी पुष्पावती आडवी आली.

"आगं बाई, केवढी ही! कुठं गावली गं विजे? तू सरळ मनाची हायस, सासूवानी लपवनारी न्हाईस. सांग की!"

छबूबाई पायात काटा मोडल्यासारखी खाली वाकली आणि टाच चाचपत राहिली.

"वरल्या अंगाला का? जांभळीच्या पल्याड? बोल की गं, मी काय परकी हाय?"

विजयमालेनं डोक्यावरची पाटी सावरली, पुष्पावतीला वळसा घातला आणि घराच्या वाटेनं चालू लागली.