दुसऱ्या ओळीतलं नाव

अर्जाच्या शेवटच्या पानावर तळाला दोन रिकाम्या ओळी होत्या. अर्जदारास चांगले ओळखणाऱ्या, नातेवाईक नसलेल्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे व पत्ते. नातेवाईक नसलेल्या! आमच्या तोंडवलीच्या बाजूला असा माणूस आणायचा कुठून? अर्धं गाव भावकी, उरलेलं सोयरीक. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, कचेऱ्यांत कारकुनांची भरती चालली होती, आणि माझी वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. ही नोकरी हुकली तर दुसरी मिळायची नव्हती.

पहिल्या ओळीत हेडमास्तरांचं नाव घातलं. दुसऱ्या ओळीसाठी बाबा तीन नावं घेऊन देवळात गेले, कौल लावायला. आमच्याकडे सोयरीक असो, विहीर असो, म्हशीचं दुखणं असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. तिसरं नाव बाबांनी केवळ तीन भरावीत म्हणून घेतलं होतं. गुरवाने पाषाणाला ओले तांदूळ चिकटवले, गाऱ्हाणं घातलं, बाबा "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार, पडला तो नेमका तिसऱ्याच नावाला.

ते नाव शेजारच्या काकांचं; नात्याचे नव्हेत, नुसते म्हणायचे काका. मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. आमच्या आणि त्यांच्या आंब्यांमधला हद्दीचा दगडी गडगा त्यांनी एका पावसाळ्यात हातभर आमच्या बाजूला सरकवला होता. बाबा गप्प बसले, पण मी कसली बसते! गडग्यावर उभी राहून, सगळी वाडी ऐकेल अशा आवाजात, मी त्यांना चोर म्हटलं. त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

"बाबानू, तुमका येड लागलां काय?" मी किंचाळलेच. "तो माझां वाटोळां करतलो!"

"देवान कौल दिल्यान गो. आता माझ्या हातात काय आसा?" म्हणत बाबांनी त्यांच्या वळणदार अक्षरात नाव लिहूनसुद्धा टाकलं. देवाला विचारलं, पण त्या माणसाला विचारायला कोणी गेलं नाही. जाणार कोण, आणि कुठल्या तोंडाने?

चौकशीचं पत्र जत्रेच्या दिवशी सकाळी आलं. पोस्टमनने काकांच्या हातात लखोटा दिला आणि वाटेत आमच्या घरापुढच्या खळ्यात थांबून, "तुझां काम दिसता गो," म्हणून सांगून गेला. संध्याकाळी जत्रेत गुळाचं खाजं घेतलं, ते तोंडात फिरत राहिलं. काका सभामंडपात बसलेले दिसले, तशी मी आयेच्या पाठीमागे लपले. मी, जिला सगळी वाडी तोंडाळ म्हणायची!

पुढचे तीन दिवस मी त्यांच्या पडवीवर नजर ठेवून होते. काका कागद घेऊन बसले की वाटायचं, आता लिहितायत. उठले की वाटायचं, संपलं सगळं. चौथ्या दिवशी मात्र राहवेना. घरात कोणाला न सांगता मी गडग्याला वळसा घालून त्यांच्या पडवीत जाऊन उभी राहिले. काका सुपारी कातरत होते.

"काकानू, माझां चुकलां."

"काय चुकलां?"

"तुमका चोर म्हटलंय, तां."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे गडगो सरकलो नाय म्हणतंस?"

गडगा तिथून समोर दिसत होता. "नाय," मी म्हटलं. "सरकूक नाय."

काकांनी मांडीवरचा सुपारीचा चुरा झटकला. मग "बरां, जा," एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले. मला वाटलं, मेले मी.

नोकरी मिळाली. बाबांनी देवाला नारळ दिला. काकांनी शेवटपर्यंत माझ्याशी एक शब्द काढला नाही, आणि गडगाही तसूभर मागे घेतला नाही. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाल्यावर माझी बदली आस्थापना शाखेत झाली आणि एका दुपारी माझीच जुनी फाईल माझ्या हातात आली. आत काकांचं पत्र होतं, कचेरीतल्या सुवाच्य अक्षरात.

"मुलगी फटकळ आहे. दोन वर्षांपूर्वी तिने मला चारचौघांत चोर म्हटले. तिचे म्हणणे खरे होते. ती भीतीपोटी खोटे बोलणार नाही, याची मी खात्री देतो. आज गावची जत्रा असल्याने थोडक्यात लिहीत आहे."

मी ती ओळ पुन्हा वाचली. आज गावची जत्रा. म्हणजे मी त्यांच्या पडवीत जाऊन उभी राहिले, तेव्हा हे पत्र टपालाच्या पेटीत पडून चार दिवस झाले होते.