एक बोट जास्तीचं लाकूड

साठच्या दशकात मी शारजात होड्या बांधायचो. माझ्या अरबाबाने, म्हणजे मालकाने, शिकारीसाठी लांब पल्ल्याची बंदूक जुळवायला घेतली. नळी आणि दुर्बीण त्याने स्वतः निवडली, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचं लाकूड माझ्यावर सोपवलं. मी अक्रोडाचा ठोकळा निवडला. अरबाबाला उभं करून खांद्यापासून डोळ्यापर्यंतचं माप घेतलं, पेन्सिलने खूण केली, पण खुणेबाहेर एक बोट लाकूड राखलं. होडी पाण्यात बसेपर्यंत शेवटची फळी कापायची नाही, ही आमची रत्नागिरीची सवय.

"हे शेपूट काप," तो रोज म्हणायचा. मी चिडून "इन्शाल्ला" म्हणायचो.

बंदूक तयार झाल्यावर तो वाळूवर पालथा झोपला आणि त्याने नेम धरला. झोपल्यावर मान पुढे सरकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या एका बोटामुळेच दुर्बीण डोळ्यापासून जेमतेम लांब राहिली होती. खुणेवर कापलं असतं तर धक्क्याने त्याची भुवई फुटली असती.

बार झाला. तो हसतच उठला. "उस्ताद, तुला आधीच माहीत होतं."

मी मान डोलावली. त्याची पाठ वळताच थुंकी लावून दस्त्यावरची ती पेन्सिलची खूण अंगठ्याने पुसून टाकली.