माझे आडवे, तिचे उभे

माझ्या बायकोने बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली, तेव्हा मला वाटलं होतं की ही आता मराठी मंडळाच्या नाटकांत पुन्हा काम करील. आमची ओळखच दिल्लीत अशा एका नाटकाच्या तालमीत झालेली. पण तिने फोनवर फोटो काढायला सुरुवात केली. मी जन्मभर फोटो काढूनच पोट भरत आलो होतो, त्यामुळे आधी मला त्याचं कौतुकच वाटलं. हौशी माणसाबद्दल वाटतं तसं, जरा वरून.

मी पुण्याहून दिल्लीला आलो तो नव्वदच्या दशकात. बाजार नुकता खुला झाला होता आणि दिल्लीबाहेरची शेतं बिल्डर घेत सुटले होते. त्यांच्या माहितीपत्रकांसाठी मी फोटो काढायचो. मोहरीच्या शेतात ट्रायपॉड रोवायचा, शक्य तितकं आकाश आणि शक्य तितकी जमीन एका चौकटीत घ्यायची. इमारत अजून झालेली नसायचीच, ती चित्रकार नंतर काढून बसवायचा. बिल्डरला फक्त रुंदी हवी असे. पत्रकाची मधली दोन पानं सलग उघडली की डोळे विस्फारले पाहिजेत. मग मानेसरचे कारखाने आले. लांबच लांब शेड, त्यापुढे ओळीने उभ्या कामगारांच्या बसगाड्या. हायवेवरच्या होर्डिंगवर माझे फोटो लागायचे आणि गाडीतून जाताना मी ते बायकोला दाखवायचो. ती म्हणायची, "अच्छा, हा पण तुझाच?" आणि पुन्हा वाचत असलेल्या फायलीत डोकं घालायची.

अशाच एका शेतावर झालेल्या सोसायटीत, सोहना रोडच्या आत, आम्ही बाराव्या मजल्यावर घर घेतलं.

फोटोंच्या एका ॲपवर तिने पहिला फोटो टाकला तो समोरच्या टॉवरचा. एकाखाली एक नऊ बाल्कन्या, प्रत्येकीत वाळत घातलेले कपडे, आणि मधल्या एका बाल्कनीत केस सुकवत बसलेली मुलगी. पाठमोरी. उभा फोटो, वरपासून खालपर्यंत भरलेला. मी तो पाहिला आणि म्हणालो की छान आहे, फक्त वरचं आकाश थोडं हवं होतं. ती म्हणाली, आकाश दिसतच नाही तिथून. ते खरं होतं.

त्या फोटोला दोन दिवसांत पसंतीचे इतके बदाम आले की मला आधी वाटलं, काहीतरी गडबड आहे. ओळखीपाळखीच्या लोकांचे नव्हेत. कुठल्या कुठल्या गावचे लोक तिला लिहीत होते की आमच्याकडेही असंच असतं. मीही त्याच ॲपवर होतो. माझ्या जुन्या कामातले निवडक फोटो मी मोठ्या काळजीने स्कॅन करून टाकत असे. त्यांना मेहुणी, साडू आणि एक निवृत्त क्लायंट एवढ्यांचे बदाम येत. मी माझ्या फोटोखाली मोहरीच्या शेताबद्दल चार ओळी लिहायचो. ती काहीच लिहायची नाही.

त्यानंतर मी तिचं पान रोज बघायला लागलो. ती शेजारच्या खोलीत असायची, आणि मी इकडे माझ्या फोनवर तिचे फोटो बघत असायचो. लिफ्टचं अर्धवट उघडलेलं दार आणि आत उभ्या दोन म्हाताऱ्या. दोन टॉवरांमधल्या फटीतून जाणारं विमान. मेट्रोच्या खांबाला टेकून वर बघणारा एक माणूस. प्रत्येक फोटोत मी खोट काढायचो आणि ती खोट खरी असायची. कुठे प्रकाश जास्त होऊन फाटलेला, कुठे कडा तिरकी. तरीही तो फोटो डोक्यातून जायचा नाही. एकदा दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत मी तिच्या एका फोटोखालच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचून काढल्या, आणि आत बोलावलं तेव्हा माझा जबडा आधीच दुखत होता.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, जाते. त्या वर्षी आम्ही दोघंही गेलो. सकाळी धुकं इतकं होतं की स्मारकाचा खांब वर कुठे संपतो ते दिसत नव्हतं. मंडळाने मला सामुदायिक फोटो काढायला सांगितला. मी सगळ्यांना तीन ओळींत उभं केलं, बॅनर मध्ये धरायला लावला, ज्येष्ठ मंडळींना दोन्ही टोकांना खुर्च्या दिल्या. बसभर माणसं एका चौकटीत, एकाचेही डोळे मिटलेले नाहीत. असा फोटो काढायला हात बसलेला लागतो. मी खूश होतो.

ती कुठेतरी मागे रेंगाळत होती. परतताना बसमध्ये तिने मला काही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पानावर माझा सामुदायिक फोटो लागला. फोनवर तो उघडल्यावर मला दिसलं की त्याची दोन्ही टोकं गायब आहेत. मंडळाचे सेक्रेटरी पान सांभाळायचे. त्यांनी फोटो होता तसा टाकला होता आणि ॲपने आपल्या मापात बसवायला मधला चौकोन तेवढा ठेवला होता. बॅनर होता, बॅनर धरणारे होते. खुर्च्यांवरचे सगळे ज्येष्ठ गेले होते. दुपारपर्यंत मला चार फोन आले. माजी अध्यक्ष फारच दुखावले होते. ते शांतपणे म्हणाले की इतक्या थंडीत आम्ही आलो होतो, एवढं तरी दिसायला हवं होतं. फोटो कापला मी नव्हता हे त्यांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला आणि शेवटी त्यांना ते पटलं नाहीच.

त्याच संध्याकाळी बायकोने तिचा फोटो टाकला. एक बाई स्मारकासमोर उभी आहे, पाठमोरी, डोक्यावरून पदर घेतलेला. थंडीत तिने चपला काढून हातात धरल्या आहेत. टाचांना ओली माती लागली आहे. तिच्या डोक्यावरून तो खांब वर वर जातो आणि धुक्यात विरतो. बस्स, एवढंच.

ती बाई आमच्याच बसमधली होती. माझ्या तिसऱ्या ओळीत डावीकडून दुसरी. मी तिला चपला घालून या म्हणून सांगितलं होतं.

तो फोटो कुठून कुठे गेला. कोल्हापूरहून माझ्या भावाने मलाच पाठवला, बघ काय सुंदर आहे म्हणून. कोणाचा आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं, आणि त्याने लगेच फोन करून वहिनीला दे म्हणून सांगितलं. माझी चौकशीही केली नाही.

आठवड्याने सेक्रेटरींचा फोन आला. ते फार सभ्य गृहस्थ आहेत. आधी माझ्या तब्येतीबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. मंडळाच्या पानाचं काम वहिनी बघतील का? त्यांना ते ॲपचं माप बरोबर जमतं."

मी हो म्हणालो, विचारतो म्हणालो. फोन ठेवून बाल्कनीत गेलो. ती कुंड्यांना पाणी घालत होती. मी तिला निरोप सांगितला आणि मग विचारलं की हे माप तू शिकलीस कुठे.

तिने झारी खाली ठेवली. सुरुवातीला तिचेही फोटो कापले जायचे म्हणाली. मग तिने एका आलेख कागदाचा फोटो काढला, आडवा, उभा, चौकोनी, आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी टाकून पाहिले. कुठे किती घरं गेली ते मोजलं. बँकेत हिशेब जुळवताना करायची तसंच. तिने मला फोनवर दाखवलं. चौकोनी टाकायचा तर एक हजार ऐंशी बाय एक हजार ऐंशी. उभा टाकायचा तर एक हजार ऐंशी बाय साडेतेराशे, त्याहून उंच गेलं की कापलं जातं. आडवा टाकता येतो, पण मग फोनवर त्याची चिंचोळी पट्टी होते आणि त्यातली माणसं मुंग्यांएवढी दिसतात.

"लोक फोन उभा धरतात रे," ती म्हणाली. "तुझे फोटो बघायला तो आडवा करावा लागतो. एवढे कष्ट कोण घेणार?"

ती सहज बोलली होती. इतकी वर्षं मी रुंदी विकली. मी ज्यांचे आडवे फोटो काढले त्या शेतांवर सगळं उभं उगवलं होतं आणि ते बघायची नजर हिच्याकडे होती. मी तिला सरळ सांगून टाकलं, "मला तुझा हेवा वाटतो. रोज वाटतो. तुझा फोटो आला की माझा दिवस खराब जातो."

मला वाटलं, ती रडेल किंवा हसेल. तिने झारी उचलली, उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि म्हणाली, "मला बरं वाटलं ऐकून. इतक्या वर्षांत माझ्याकडचं काही तुला हवंसं वाटलं नव्हतं."

थोड्या वेळाने तिने चहा केला आणि आम्ही बातम्या बघत तो प्यालो.

त्यानंतर मंडळाने एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. दिल्लीतल्या मराठी माणसांनी काढलेले फोटो, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाच्या हॉलमध्ये. माझं मानेसरचं लांबलचक चित्र त्यांनी एका पूर्ण भिंतीसाठी मागितलं. शेजारच्या भिंतीवर बायकोचा काला अंबचा फोटो, तोही तेवढाच मोठा, दारातून दिसेल असा.

मी तिच्याकडे मूळ फाइल मागितली. ती नव्हती. फोन भरला की ती टाकून झालेले फोटो पुसायची. उरला होता तो पानावरचाच, एक हजार ऐंशी बाय साडेतेराशे. मी तो संगणकावर उघडला आणि भिंतीच्या मापाला ताणून बघितला. बाईच्या पदराच्या जागी चौकोनी ठिपक्यांची पायरी झाली. खांब आणि धुकं एकच चिखल.

आनंद झाला मला. हे लिहायला संकोच वाटत नाही, कारण तो आनंद माझ्या मागे उभ्या असलेल्या तिलाही दिसला असणार. इथे तिचा आलेख कागद उपयोगाचा नव्हता. छपाईत इंचाला किती ठिपके लागतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी तिला हिशेब सांगितला. नीट छापायचा तर हा फोटो पोस्टकार्डाएवढा होईल, त्याहून मोठा नाही.

"मग राहू दे," ती म्हणाली. "तुझाच लाव." आणि आत निघून गेली.

चित्र मी पुन्हा लहान केलं. पोस्टकार्डाच्या मापाला आल्यावर टाचेवरची माती परत दिसायला लागली. चपलेचा तुटका अंगठाही दिसला, जो मी फोनवर कधी बघितला नव्हता. एवढ्याच मापाचा फोटो होता तो. कामातल्या माणसाला हे दिसतं आणि दिसल्यावर दुसरं काही करता येत नाही. मी करोलबागेतल्या माझ्या जुन्या छपाईवाल्याकडे गेलो, चांगल्या कागदावर तो तेवढाच छापून घेतला आणि दाराएवढ्या मोठ्या पांढऱ्या बोर्डाच्या मधोमध बसवला. हॉलमध्ये तो डोळ्यांच्या उंचीला टांगला. सेक्रेटरी घाबरले. एवढ्या भिंतीवर एवढासा फोटो, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, बघू.

लोक आत यायचे, माझं मानेसर दारातूनच बघायचे आणि वा म्हणायचे. मग त्या पांढऱ्या बोर्डाकडे जायचे, कारण त्यावर काय आहे ते लांबून कळत नव्हतं. जवळ जाऊन, जरा पुढे झुकून बघायचे आणि तिथेच थांबायचे. माजी अध्यक्ष काठीवर भार देऊन किती तरी वेळ उभे होते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांचा एक घोळका आला होता, तो माझ्या भिंतीसमोर उभा राहून एकमेकांचे फोटो काढून गेला. मागे बसगाड्या छान येतात म्हणाले. फोन अर्थात उभा धरलेला.

कोणीतरी बायकोला विचारलं की फोटो इतका लहान ठेवायची कल्पना कोणाची. तिने माझ्याकडे बोट केलं. ते गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही यांना फार छान मदत करता."

घरी जाताना तिने विचारलं, एवढा गप्प का. मी म्हटलं, तुला माहीत आहे. तिने मान डोलवली आणि गाडीतला हीटर माझ्या बाजूला वळवला.

मी अजून आडवेच फोटो काढतो. पानावर टाकायच्या आधी तिला दाखवतो आणि विचारतो, डावीकडून कापू की उजवीकडून. परवा ती चष्मा लावून माझा फोटो बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "हा कापू नकोस. परत जा आणि उभा काढ." त्याच सकाळी तिचा एक नवा फोटो आला होता, जिन्यात बसलेल्या मांजराचा. भयंकर चांगला होता. मी कॅमेरा घेतला आणि चडफडत खाली उतरलो.